माठात पातळ, खांद्यावर घट्ट : प्रकल्प नोंदी

१४ एप्रिल

वही आजपासून सुरू. विद्यापीठाच्या परीक्षा चालू आहेत, त्यामुळे दुपारी दोननंतर रसायनशास्त्राची लॅब रिकामी असते. प्राचार्यांनी वापरायला परवानगी दिली. मी तासिका तत्त्वावर शिकवते, उन्हाळ्यात पगार नाही, पण लॅबची किल्ली आहे.

विषय का घेतला ते आधी लिहून ठेवते. मागच्या आषाढात डवरणी चालू असताना आमच्या पवळ्याचा खांदा जुवाखाली सोलला. तळहाताएवढी ओली जखम. हळद भुरभुरवली तर तो कातडी थरथरवायचा आणि सगळी खाली सांडायची. तेलात कालवून लावली तर ओघळून जायची. डॉक्टरांनी मलम दिलं ते चांगलं होतं, पण चोळायला गेलं की बैल बाबांना दाव्यासकट ओढायचा. माश्या हटत नव्हत्या. तेव्हापासून डोक्यात आहे की हात न लावता वरून ओतता यावं, खाचखळग्यात शिरावं आणि अंगाच्या उबेनेच तिथे घट्ट बसावं, असं काही हवं.

असे पदार्थ असतात. त्यांना तापमानाला प्रतिसाद देणारी हायड्रोजेल म्हणतात. हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून बसलेली पॉलिमरची, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंची, जाळी. भिजलेल्या सब्जाभोवतीची बुळबुळीत गादी ही तिची घरातली ओळख. जिलेटिन, अगर-अगर हे थंड झाल्यावर घट्ट होतात. मला हवं ते उलट आहे, थंडीत पातळ आणि उबेत घट्ट.

बाबांना रात्री समजावून सांगितलं. ते म्हणाले, "तूप थंडीत थिजते, आन् तुह्यं हे गरमीत थिजते म्हनतं? उफराटंच हाय वं हे." त्या उफराटेपणाचंच हे काम आहे.

१६ एप्रिल

पॉलिमर कोणता घ्यायचा ते ठरलं. पुस्तकात पहिलं नाव येतं पॉली-एन-आयसोप्रोपिलॲक्रिलामाइडचं. पाण्यातलं त्याचं वागणं १९६८ साली हेस्किन्स आणि गिलेट यांनी मांडलं. ३२ अंशांच्या आसपास ते एकदम पाणी सोडतं. पण ज्या रेणूंपासून ते बनतं ते विषारी, आणि थोडेसे जरी मागे राहिले तरी जखमेजवळ नको. म्हणून पोलोक्सॅमर ४०७. औषधी मलमांमध्ये, माउथवॉशमध्ये ते आधीपासून वापरात आहे. अर्धा किलोचा डबा आज आला. मिठासारखी पांढरी, मऊ, बिनवासाची पावडर.

याच्या रेणूचे तीन तुकडे. दोन्ही टोकं पाण्याला कायम चिकटून राहणारी, प्रत्येकी सुमारे शंभर कड्यांची. मधला तुकडा छप्पन्न-एक कड्यांचा आणि लहरी. थंडीत तो पाण्याशी जुळवून घेतो, ऊब लागली की पाण्याकडे पाठ फिरवतो. मग अनेक रेणूंचे मधले तुकडे एकमेकांत तोंड खुपसून गोळे करतात आणि टोकं बाहेर पाण्यात ठेवतात. गोळे वाढत गेले की पेटीत भरलेल्या संत्र्यांसारखे एकमेकांना दाटून बसतात, कुणालाच हलायला जागा उरत नाही. झालं जेल. यात कुठलीही रासायनिक गाठ नाही, म्हणून थंड केलं की पुन्हा पाणी. गोळ्यांचा आतला भाग तेलकट स्वभावाचा असल्यामुळे हळदीतलं कर्क्युमिन, जे पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, ते तिथे जाऊन बसतं. हळद आणि पोलोक्सॅमर यांची जोडी म्हणूनच घेतली.

१७ एप्रिल

पहिली खेप वाया.

ही पावडर गरम पाण्यात टाकायची नसते. बाहेरून जेल होतं आणि आत कोरडी राहते. बर्फाच्या पाण्यात थोडीथोडी पसरायची, हळू ढवळायचं आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचं. सकाळपर्यंत फेसही बसतो. मी सगळं तसंच केलं. सकाळी बीकरच्या तळाशी साबुदाण्याएवढ्या गुठळ्या आणि वर गुळगुळीत साय. लॅबचे काका म्हणाले, "मॅडम, लाईन रात्री अकरालेच गेली होती. पाचले आली."

आता फ्रीजच्या आत थर्माकोलचा डबा ठेवलाय, त्यात बर्फाच्या चार पिशव्या आणि मध्ये बीकर. लाईन गेली तरी पहाटेपर्यंत १० अंशांच्या खाली राहतं.

२२ एप्रिल

आज बाहेर ४४. लॅबमध्ये पंख्याखाली ३९.

१८ टक्क्यांचं द्रावण छान झालं होतं, फ्रीजमधून काढलं तेव्हा पाण्यासारखं. टेबलावर ठेवून वहीत तारीख लिहिली, ड्रॉपर शोधला, परत आले तोवर बीकर उलटा केला तरी थेंब पडेना. ड्रॉपरमध्ये जेवढं ओढलं तेवढं काचेतच बसलं. तिसऱ्यांदा हेच झाल्यावर मी खाली बसले आणि कागदावर नुसते आकडे लिहिले. बैलाच्या अंगाचं तापमान ३८.५. उघड्या कातडीचं ३४–३५. खोलीचं ३९. गोठ्याचं त्याहून जास्त.

म्हणजे आमच्याकडे या दिवसांत हवा बैलापेक्षा गरम आहे. मी वाचलेल्या प्रत्येक कृतीत 'सामान्य तापमान' म्हणजे २५ अंश धरलेलं असतं. बाटली २५ ला, अंग ३७ ला, आणि जेलने या दोघांच्या मध्ये पलटी घ्यायची. इथे ते मधलं अंतरच नाही. पॉलिमरचा दोष नाही, माझ्या हाताचाही नाही. ज्या गावात वापरायचं त्या गावाचं तापमान कृतीत आधी लिहायला हवं होतं, आणि ते मी लिहिलं नव्हतं. गेला आठवडा मी दुसऱ्याच्या खोलीसाठी जेल करत होते.

२४ एप्रिल

शेतकऱ्याच्या घरी फ्रीज असेलच असं नाही, असला तरी लाईनचा भरवसा नाही. पण माठ प्रत्येक घरी आहे. व्हरांड्यातल्या माठात थर्मामीटर सोडला. सकाळी आठला २४, दुपारी तीनला २५.५, तेव्हा व्हरांडा ४१ ला होता. पंधरा अंशांची ही थंडाई नुसत्या पाझरण्याची. एप्रिलची हवा इतकी कोरडी आहे की माठाच्या अंगावर आलेलं पाणी लगेच उडतं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं.

तर बाटलीची जागा ठरली, माठ. आता जेलची पलटी २५.५ च्या वर आणि ३४ च्या खाली, आणि जमलं तर दोन्हीपासून सुरक्षित अंतरावर.

दिवसभर परीक्षानळ्या उलट्या केल्या. पाण्याच्या भांड्यात नळी, एकेक अंश वाढवायचा, पाच मिनिटं थांबायचं, नळी आडवी-उलटी करून अर्धा मिनिट पाहायचं. पृष्ठभाग हलला नाही तर जेल. तीन-तीन वेळा करून आलेले आकडे : २० टक्के, २३ अंश. १८ टक्के, २७. १७ टक्के, २९. १६ टक्के, ३२. १५ टक्के ४० पर्यंत नेलं तरी मधासारखं घरंगळत राहिलं.

दोन-तीन टक्क्यांत केवढा फरक! तराजू दोन दशांशांचा आहे म्हणून बरं.

२९ एप्रिल

हळद घरचीच. आमच्या तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. रंग गडद, वास उग्र. हळकुंडं कुटून सॉक्सलेटमध्ये, म्हणजे अर्क काढायच्या काचेच्या उपकरणात, इथेनॉलसोबत चार तास. उरलेला अर्क काकवीसारखा दाट, लालसर. शंभर ग्रॅम द्रावणात ५० मिलिग्रॅम घातला.

नुसत्या पाण्यात हाच अर्क टाकला तर पिवळे कण तरंगतात आणि तासाभरात तळाला बसतात. पोलोक्सॅमरच्या थंड द्रावणात घालून रात्रभर ठेवला तर सकाळी द्रावण स्वच्छ, खिडकीकडे धरलं की पलीकडची कडुनिंबाची फांदी दिसावी इतकं. कण एकही नाही. कितीतरी वेळ नळी हातात धरून उभी होते. कर्क्युमिन खरोखर त्या गोळ्यांच्या पोटात जाऊन बसलंय.

जेल होण्याचं तापमान मात्र साधारण एका अंशाने उतरलं. १७ टक्क्यांचं आता २८ ला.

दुसरी गोष्ट आईला न विचारताही माहीत असायला हवी होती. पांढऱ्या कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात वाळवला की फिका पडतो. खिडकीतली नळी दोन दिवसांत लिंबाच्या सरबतासारखी झाली, कपाटातली तशीच. कलरीमीटरवर, म्हणजे रंगाचा गडदपणा मोजणाऱ्या यंत्रावर, ४२० नॅनोमीटरच्या फिल्टरने पाहिलं तेव्हा खिडकीतल्या नळीचं शोषण निम्म्याहून खाली. बाटली तपकिरी काचेची, आणि माठाचं तोंड झाकलेलं.

६ मे

हिरडा घालायची हौस नडली.

मेळघाटातला हिरडा घरात होताच. त्यात टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर, जखम आवळून धरतो, म्हणून वाटलं हळदीसोबत तोही असावा. काढा गाळून थंड केला आणि द्रावणात सोडला. सोडताक्षणी ताकासारखं पांढरट झालं, मग खाली एक चिकट, तपकिरी गोळा जमला. काचेची कांडी काढायला गेले तर गोळा कांडीला चिकटून डिंकासारखा तार धरून वर आला. बोटाला लागला तो तीनदा साबण लावून निघाला. वरचं पाणी कितीही तापवलं तरी जेल होईना, कारण पॉलिमर त्या गोळ्यात अडकलेला.

कारण नंतर नीट वाचलं. टॅनिनच्या रेणूवर हायड्रॉक्सिल गटांची गर्दी असते आणि ते पोलोक्सॅमरच्या टोकांना हायड्रोजन बंधांनी घट्ट धरतात. दोघं मिळून पाण्यातून बाहेर पडतात. जी टोकं पाण्यात मोकळी राहायला हवीत तीच बांधली गेली. हा चिकट गोळा स्वतंत्रपणे उपयोगाचा असू शकेल, थोडा बाटलीत भरून नाव-तारीख लिहून ठेवलाय. पण या कामातून हिरडा बाद. यापुढे कुठलीही वनस्पती घालायची तर आधी पाच मिलिलिटरवर गढूळ चाचणी.

१५ मे

अवकाळी पाऊस, वारा. लॅबच्या पत्र्याचा एक कोपरा उडाला. काम बंद.

२० मे

नुसतं पोलोक्सॅमर जेल पाण्यात फार लवकर विरघळतं. नळीत एक ग्रॅम जेल, वर ३७ अंशांचं पाणी, दर अर्ध्या तासाने पाणी ओतून वजन. साडेचार तासांत नळी रिकामी. जखमेचा ओलावा आणि घाम धरला तर दुपारपर्यंतही टिकणार नाही.

उपाय चिंचोका. त्यातली शर्करा-शृंखला, झायलोग्लुकॅन, ओल्या कातडीला चिकटते आणि पाण्यात फुगून दाट होते. कापडाच्या सुताला चिंचोक्याची खळ याच गुणामुळे देतात. त्यात टॅनिन नाही, पण टरफलात आहे, आणि हिरड्याचा धडा ताजा आहे. म्हणून टरफल कणभरही राहू द्यायचं नव्हतं.

काकांनी चुलीवर कढईत रेती तापवली, त्यात चिंचोके परतले. तडतडायला लागले की काढून पाट्यावर रगडायचे, टरफल सुटतं. आतला डाळीसारखा पांढरा गर दळून आणला. थंड पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात सोडला, वीस मिनिटं उकळला, रात्रभर ठेवला. सकाळी जुन्या धोतराच्या चौपदरी कापडातून गाळला आणि गाळलेलं दुप्पट इथेनॉलमध्ये धारेने सोडलं. पांढरे धागे तरंगत वर आले, कापूस पिंजल्यासारखे. पिळून, वाळवून, कुटून २०० ग्रॅम चिंचोक्यांमागे जवळपास ७० ग्रॅम पावडर मिळाली. काका म्हणाले, "लहानपणी हे फोडून आम्ही अष्टाचंगा खेळो."

एक टक्का घातल्यावर द्रावण गढूळ झालं नाही, किंचित दाट झालं. पलटी आणखी अर्ध्या अंशाने खाली, २७.५. आणि टिकण्याचा वेळ नऊ तास.

४ जून

कातडीवर पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही, आणि जिवंत जनावरावर इतक्यात नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं. खाटकाकडून बोकडाच्या कातडीचा तुकडा आणला. केस भादरले, मध्ये ब्लेडने सालपट काढून उथळ जखम केली. स्टीलच्या डब्यात ३९ अंशांचं पाणी, वर कातडी ताणून सुतळीने बांधली, आणि डबा कापडी पट्ट्याने साठ अंशांत कलता टांगला, बैलाच्या खांद्याचा उतार असतो तसा. पाणी गार होऊ नये म्हणून ॲक्वेरियमचा हिटर.

असं जुगाड करताना विक्टरले आठवतो. प्राग शहरातल्या ओटो विक्टरले यांनी ड्राहोस्लाव लीम यांच्यासोबत १९६० साली हायड्रोजेलवरचा गाजलेला निबंध छापला, आणि १९६१ च्या नाताळात मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ओतायचं यंत्र घरच्या टेबलावर केलं, मुलांचा खेळण्यातला जोडणी संच आणि सायकलचा डायनॅमो वापरून. आमच्याकडे डबा आणि सुतळी आहे. तेवढ्याने हे काम होतंय.

माठातली बाटली कलती केली. पहिली धार सगळी खाली ओघळली. दुसरी धार बारीक, थेंबाथेंबाने, जखमेच्या वरच्या काठावरून. तेव्हा दिसलं : पिवळा थेंब खाली सरकतो, सरकता सरकता त्याची कड मंदावते, मग पोट फुगतं, मग तो थांबतो. पुढचा थेंब त्याच्यावर येऊन थांबतो. चाळीस अंक मोजेपर्यंत जखम भरली आणि वरून काचेसारखी चमकली. बोटाने हलकं दाबलं तर दबून परत वर आली. धुवायला फक्त माठातलं थंड पाणी लागलं, सगळं सुटून वाहून गेलं, चोळावं लागलं नाही. मलमाच्या वेळी पवळ्याने दिलेला हिसका आठवला.

२७ जून

मृग कोरडा गेला, आता आर्द्रा लागल्यावर पाऊस बसलाय. आणि माझी एप्रिलची सगळी गणितं बिघडली.

माठातली बाटली आज सकाळी आतल्या आत गोठलेली. माठात थर्मामीटर २८, व्हरांड्यात २९.५. हवेतच इतकी ओल आहे की माठाचं पाणी उडेना, माठ थंड करेना. खांदा सोलतो तो डवरणीत, म्हणजे याच दिवसांत. मी ज्या ऋतूसाठी जेल जुळवलं त्या ऋतूत बैल झाडाखाली बसलेला असतो! काल रात्री याचं फार वाईट वाटलं. आज सकाळी उठून पावसाळ्याचं पान नव्याने आखलं.

आकडे असे. माठ २८, गोठा २९–३१, कातडी ३४. विहिरीत बादली सोडून मोजलं तर २६. वर ऊन असो की पाऊस, खालचं पाणी फार हलत नाही. आजी लोण्याचं गाडगं विहिरीत टांगायची ते याच कारणाने.

९ जुलै

दोन विद्यार्थी परत आले, हात वाढले. त्यांनी १६ टक्क्यांच्या खेपेत हळद आणि चिंचोका घालून पलटी मोजली, ३०.५. बाटली सुतळीने विहिरीत. काढून गोठ्यापर्यंत आणायला पाच-सात मिनिटं, तोवर पातळच राहतं. डब्यावरच्या कातडीवर बसायला आता दीड मिनिट लागतं, आणि जेल एप्रिलच्या मानाने मऊ आहे, बोट दाबलं की खूण राहते. चिंचोका दीड टक्का केला तेव्हा खूण भरून येऊ लागली. टिकतं सात तास.

तेव्हा कृती एक नाही, दोन. उन्हाळ्याची १७ टक्के आणि माठ, पावसाळ्याची १६ टक्के आणि विहीर. दोन बाटल्यांवर दोन रंगाच्या चिठ्ठ्या.

३० जुलै

पशुवैद्यकीय डॉक्टरांना वही दाखवली. त्यांनी तासभर वाचली. उघड्या जखमेवर लावायला त्यांनी स्पष्ट नकार दिला. द्रावण निर्जंतुक नाही, आणि जंतू जेलखाली कोंडले तर उबेत वाढतील. बरोबर आहे, हे माझ्या यादीत खाली होतं, ते वर यायला हवं. अखंड कातडीवर, तळहाताएवढ्या जागेवर, ते स्वतः हजर असताना लावून पाहायला हरकत नाही म्हणाले. दिवस त्यांनीच सुचवला : पोळ्याच्या आदला.

२१ ऑगस्ट

खांदशेकणी. संध्याकाळी बाबांनी बैल धुतले, गरम पाण्याने दोघांचे खांदे शेकले, हळद-तूप चोळलं. आवतन दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." पवळ्याच्या डाव्या बाजूची तळहाताएवढी जागा माझ्यासाठी कोरडी ठेवली होती. डॉक्टर साहेब उभे होते.

विहिरीतून बाटली काढली. पहिले थेंब केसांवरच राहिले. बोकडाची कातडी भादरलेली होती, इथे दाट लव. केसांची टोकं हवेच्या तापमानाला, त्यांना अंगाची ऊब कुठली? थेंब टोकाटोकांवरून घरंगळून खाली गेले. बाबांनी न सांगता पुढे होऊन दोन बोटांनी भांग पाडावा तसे केस दुभंगले आणि पांढरी कातडी उघडी केली. "आता सोड," म्हणाले. थेंब सरकला, मंदावला, थांबला. पवळ्याने कान हलवला, मान नाही.

डॉक्टर साहेबांनी घड्याळ पाहिलं, एक मिनिट पन्नास सेकंद.

२३ ऑगस्ट

काल पोळ्याच्या सकाळी पाहिलं तर जागा स्वच्छ. लालसरपणा नाही, सूज नाही, जेलही नाही. विरघळलं असावं असं धरलं होतं. बाबा म्हणाले, "सर्ज्यानं चाटलं. रात्रभर त्याचंच चाललं होतं." शेजारच्या दाव्यावरचा जोडीदार. स्वतःचा खांदा बैलाला चाटता येत नाही, जोडीदाराचा येतो, हे मी लक्षातच घेतलं नव्हतं. डॉक्टरांना लगेच फोन केला. दोन दिवस सर्ज्याचं शेण आणि वैरण पाहायला सांगितलं. दोन्ही ठीक.

कडू काहीतरी हवं. कडुनिंबाचा पाला लॅबच्या खिडकीबाहेरच आहे. सोमवारी पाच मिलिलिटरवर गढूळ चाचणी, आधी पाण्याच्या अर्काची, मग इथेनॉलच्या. केस दुभंगायला रुंद दात्यांची लाकडी फणी करायला दिलीय.